तेलाचा हात

सहा वर्षं एका टोपलीत झोपलेली दोन मांजरं सोमवारी संध्याकाळी एकमेकांना ओळखेनाशी झाली.

झालं ते इतक्या पटकन, की वैजयंताच्या हातातला चहा बशीत सांडायलाही वेळ मिळाला नाही. शेवंती नेहमीसारखी शेपटी उभी करून बटव्याकडं गेली. पिवळी, बारीक अंगाची, चालताना घुंगरू बांधल्यासारखी ठुमकणारी शेवंती. बटवा करडा, गलेलठ्ठ, दिवसातले अठरा तास डोळे मिटून बसणारा. त्याच्या गालाला गाल लावायचा आणि मग त्याच्याच पोटात शिरायचं, हा तिचा सहा वर्षांचा रिवाज. तिनं गाल पुढं केला. बटव्यानं डोळे उघडले, नाक फुलवलं, आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं असेल. पुढच्या क्षणी शेवंती कपाटाखाली होती आणि फरशीवर रक्ताचे दोन थेंब होते.

"अगं बाई! बटव्या!" इंदूवन्सं पाटावरून उठल्या. "काय केलंस रे मेल्या?"

बटव्याचं अंग फुगून दुप्पट झालं होतं. तो कपाटाकडं असा बघत होता, की तिथं सहा वर्षांची सोबतीण नव्हे, कुणी घुसखोर लपलाय.

"तुझ्या शेवंतीनंच काहीतरी केलं असणार," वन्सं म्हणाल्या.

"माझ्या?" वैजयंतानं विचारलं.

तो शब्द त्या घरात सहा वर्षांत पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

साताऱ्याच्या त्या चार खोल्यांच्या घरात राहत होत्या दोघीच, नणंद आणि भावजय. वैजयंताचा नवरा दिनकर जाऊन आठ वर्षं झाली. वन्सं त्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, कांदा-लसूण मसाल्याच्या धंद्यावर उभी राहिलेली. दिनकर गेल्यावर पहिली दोन वर्षं दोघी एका घरात राहून एकमेकींना पाहुण्यासारख्या वागवत होत्या. मग एका आठवड्यात दोन पिल्लं आली. वैजयंताला बसस्थानकामागं शेवंती सापडली आणि वन्संच्या मसाल्याच्या पोत्यात बटवा. दोघी आपापलं पिल्लू कुशीत घेऊन बसल्या, आणि पिल्लांनीच मधलं अंतर ओलांडलं. तेव्हा वन्संनी डंक्यावर मिरच्या टाकता टाकता ओवी रचली होती:

एका मांडवाच्या खाली, दोन वेली परघरच्या
वाऱ्यानं गं गाठ दिली, आता कोण कुणाच्या

आता ती गाठ सुटली होती, आणि का सुटली ते कुणालाच कळत नव्हतं.

घर वाटलं गेलं. पुढची खोली आणि गॅलरी बटव्याची, स्वयंपाकघर आणि मागची खोली शेवंतीची. मधलं दार बंद. वन्संना पाणी हवं असलं तरी आधी दारावर टकटक करून "धरलीयस का तुझीला?" असं विचारायचं. दोन दिवसांत दोघींचं बोलणं एवढ्यावरच आलं.

डॉक्टर नायकवडी बाईंनी दोन्ही मांजरं तपासली. शेवंतीच्या कानाला औषध लावलं.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "मांजरं तोंड बघून ओळखत नाहीत. वास बघून ओळखतात. एकत्र राहणारी मांजरं अंगाला अंग घासून एक सामाईक वास तयार करतात, घराचा वास म्हणा. ज्याला तो वास तो आपला, ज्याला नाही तो परका. दवाखान्यातून औषधाचा वास घेऊन आलेल्या मांजराला घरचं मांजर फाडून खातं, ते यामुळंच. शेवंतीला कुठं नेलं होतं का?"

"कुठंच नाही," वैजयंता म्हणाली.

"तरी उपाय तोच. घाई करायची नाही. एकीच्या गालावरून फडकं फिरवा, ते दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवा. त्याचं तिच्याकडं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवायला घाला. फडक्याचा वास घेऊन दोघं शांत राहिली, की दार बोटभर उघडा. मग वीतभर."

अकरा दिवस त्यांनी ते केलं. शेवंती बटव्याच्या फडक्यावर डोकं घासायची, त्यावरच झोपायची. तिला तो अजून ओळखीचा होता. तिला समजतच नव्हतं की दार का बंद आहे. पण शेवंतीचं फडकं पुढं ठेवलं की बटवा त्याच्याकडं बघायचासुद्धा नाही. गुरगुरायचा नाही, हुंगायचा नाही. पाय देऊन पलीकडं जायचा, जसं काही तिथं काही नव्हतंच.

वैजयंताला त्याचा राग बरा वाटला असता. हे पाय देऊन जाणं तिच्या जिवाला लागलं.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हताच. ती कामाला जायची त्या कारखान्यात मन इकडंतिकडं गेलेलं चालत नव्हतं, आणि गेल्या आठवड्यात ते दोनदा गेलं होतं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा नोकरीला लागली होती, आणि त्या नोकरीत तिला स्वतःचे हात सापडले होते. वसाहतीतल्या त्या कारखान्यात गंधचकत्या बनत. नखाएवढ्या चकतीवर, आपल्या नाकात असतात तशीच प्रथिनं, लाखो, केसापेक्षा बारीक ओळींत बसवलेली. तिच्यावर माणसानं फुंकर घातली की श्वासातला कण न् कण ती ओळखते. मधुमेह, क्षय, फुप्फुसातली गाठ दिसायच्या आधी महिनेन् महिने सांगते. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत ती आता तापमापकासारखी ठेवलेली असे. पण असलं तीक्ष्ण नाक घडवायचं, तर घडवणाऱ्याच्या अंगाला वास असून चालत नाही. एका घामेजल्या मनगटानं पाचशे चकत्या वाया जात.

म्हणून आतल्या खोलीत जाणाऱ्या साठ बायकांना एक लेप दिला जाई. त्याचं नाव निर्मळ. खरं तर घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो घाम खातात आणि वास बनवतात. प्रत्येकाच्या अंगावरची जिवाणूंची वस्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. निर्मळमधले जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेले होते. ते जुन्या वस्तीला हुसकून स्वतः राहत आणि वासाचे कण, त्यातही गंधकाचे, बनल्या बनल्या गिळून टाकत. मागं काही उरत नसे. वैजयंता दोन महिने आतल्या खोलीत होती. बिगरवासाची, हलकी, पांढऱ्या झग्यातली. तिच्या हातून सगळ्यांत कमी चकत्या बिघडत. पुढच्या महिन्यात तिला खोलीप्रमुख करायचं चाललं होतं.

एक अट होती. अंगाला, केसांना तेल लावायचं नाही. ती वैजयंतानं काटेकोर पाळली होती. तिचे स्वतःचे केस दोन महिन्यांत काथ्यासारखे झाले होते.

पण वन्संचे केस ही वेगळी गोष्ट होती. वन्संचा उजवा खांदा चार वर्षांपूर्वी आखडला तो आखडलाच. हात कानाच्या वर जात नव्हता. तेव्हापासून रोज दिवेलागणीला वैजयंता वाटीत खोबरेल कोमट करायची, वन्सं पाटावर बसायच्या, आणि अर्धा तास ती त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांना तेल चोळून वेणी घालायची. दिवसभराचं सगळं बोलणं तेव्हाच व्हायचं. भांडणातही हा अर्धा तास चुकला नाही. फक्त आता तो मुका होता. बटवा पुढच्या खोलीत बंद, शेवंती वैजयंताच्या मांडीला टेकलेली, आणि वेणीचा शेवटचा पेड आवळून झाला की उरलेला तेलाचा हात शेवंतीच्या पाठीवर पुसायचा, हीही चार वर्षांची सवय. बटव्याला मात्र कुणाचा हात फारसा खपत नसे. तो पायाशी बसणारा. शिवाय तो वन्संचा.

बाराव्या दिवशी वेणी घालून घेता घेता वन्सं म्हणाल्या, "रविवारी मी कराडला जाते. शालनकडं. बटव्याला घेऊन."

वैजयंताचे हात थांबले. शालन म्हणजे त्यांची मावसबहीण. "किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. दोन म्हाताऱ्या बायकांनी दारं लावून राहायचं, टकटक करून पाणी मागायचं, ह्याला काय संसार म्हणत्यात?"

"मी म्हातारी नाही."

"मी आहे की!" वन्संचा आवाज एकदम फुटला. "अगं, माझं नाक गेलंय वैजू. कुणाला सांगू? सकाळी दोन किलो लसूण सोलला, आणि बोटं हुंगून बघते तर काही नाही. काही म्हणजे काही नाही! पन्नास वर्षं माझ्या हाताचा वास मसाल्याच्या आधी गिऱ्हाइकाला कळायचा. नाक नसलेली बाई मसाला कसला करणार? शालनकडं जाऊन जप करत बसते."

वैजयंता पुढं आली. तिनं वन्संचा हात उचलून नाकाशी नेला. लसणानं पिवळट झालेली बोटं, नखांच्या कडांना मिरचीची लाली. आणि वास? वास नव्हता. तिनं पदराला नाक लावलं. पदराला कांद्याचा भपकारा होता.

"वन्सं, पदर हुंगा."

"आं?"

"हुंगा म्हणते ना."

वन्संनी हुंगला. त्यांचे डोळे मोठे झाले. "येतोय की गं!"

"मग नाक नाही गेलं तुमचं." वैजयंतानं तो हात पुन्हा एकदा हुंगून बघितला. "हात गेलेत."

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातल्या पोळीशेजारी तीन फडकी नेली: एक बटव्याच्या गालावरून फिरवलेलं, एक शेवंतीच्या, एक वन्संच्या तळहातावरून. जेवणाच्या सुट्टीत रेवती मॅडम चाचणीच्या टेबलाशी एकट्या होत्या. निर्मळ लेप त्यांच्याच गटानं बनवला होता. वय तिशीच्या आत, केस कानाइतके कापलेले.

"मॅडम, वाया गेलेली एखादी चकती देता? घरचं काम आहे."

"घरचं?" मॅडम हसल्या, पण चकती दिली.

बटव्याचं फडकं चकतीपुढं धरलं, तसा पडद्यावरच्या रेषेनं सह्याद्रीच काढला, कडे आणि सुळके. शेवंतीचं धरलं. रेषा सपाट. वन्संचं धरलं. तीही सपाट.

रेवती मॅडम हसायच्या थांबल्या. "हे कुणाचं?"

"एक मांजराचं. एक नणंदेचं."

"शक्यच नाही. हे जिवाणू तुमच्या अंगावरून दुसरीकडं जाऊन जगूच शकत नाहीत. कोरड्या कातडीवर, केसांवर तासाभरात मरतात. आम्ही मुद्दाम तसं केलंय. त्यांना एक आम्ल लागतं, ते फक्त लेपातून मिळतं."

"कुठलं आम्ल?"

"लॉरिक. म्हणजे आपल्या..." त्या बोलता बोलता थांबल्या.

"आपल्या कशात?"

"खोबरेल तेलात असतं," त्या हळू म्हणाल्या. "पण तेल तर तुम्हाला बंद आहे."

"मला बंद आहे," वैजयंता म्हणाली. "नणंदेला लावायला बंद नव्हतं."

मॅडमनी पडद्यावरची सपाट रेषा पुन्हा पहिल्यापासून फिरवून बघितली. "दोनशे घरांत चाचण्या घेतल्या आम्ही. नवरे, मुलं, कुत्री सगळं तपासलं. पण ज्यांना तपासायचं त्यांना पंधरा दिवस आधीपासून तेल लावू नका असं सांगितलं होतं. नमुने स्वच्छ यावेत म्हणून."

पुरती खात्री होईपर्यंत घरी काही बोलू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. शनिवारपर्यंत कागद छापून आला. आतल्या खोलीतल्या प्रत्येकीनं सही करायची होती: मी घरातील कोणाच्याही केसांना अथवा अंगाला तेल लावणार नाही; घरी असताना पुरवलेले हातमोजे वापरीन.

बदलायच्या खोलीत कल्लोळ उठला.

"नातवाला न्हाऊ घालायचं नाही म्हणतात! हातमोजे घालून टाळू भरू काय त्याची?"

"माझा नवरा तर म्हणतो, बरं झालं, तुझा हात लागायचा वाचला!"

"मग त्यालाच पाठव की इथं, अंघोळीनंतरही म्हशीचा वास मारतो तो."

हसल्या सगळ्या. हसता हसता बहुतेकींनी सह्या केल्या. नोकरी कुणाला नको होती? वैजयंता पेन हातात धरून बसली. सही केली तर काय होईल, ते मॅडमनी सांगितलंच होतं. वन्संनी पंधरा दिवस तेल थांबवलं की त्यांच्या अंगावरचे जिवाणू मरतील, शेवंतीवरचे मरतील, मांजरं कदाचित जुळतील. तिनं फक्त कुणाला उघडा हात लावायचा नाही. वन्संना वेणी घालायला बाई ठेवता येईल. आणि ती आतल्या खोलीची प्रमुख होईल. त्या पांढऱ्या शांततेत, जिथं तिचे हात कधी चुकत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे उतारा. आंबूस वासाचा दुसरा लेप, तीन आठवडे, घरातल्या सगळ्यांनी. अंगावर पुन्हा आपापली वस्ती उभी राहील. पण मग वर्षभर आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही; बाहेर, वेष्टनाच्या टेबलावर.

ती उठून रेवती मॅडमकडं गेली. "मला उतारा द्या. दोन माणसांचा आणि एका मांजराचा."

"वैजयंताबाई, विचार करा. तुमच्यासारखे हात मला दुसरे मिळायचे नाहीत." मॅडमचा आवाज खरोखर पडला होता. "मांजरांसाठी हे?"

"नाही. केसांसाठी."

मॅडमना काही कळलं नाही. वैजयंताही समजावत बसली नाही.

रविवारी दुपारी ती बाजारातून घरी आली, तेव्हा दारात रिक्षा उभी होती. वन्संचं गाठोडं, मसाल्याच्या बरण्या, आणि झाकणाच्या टोपलीत गुरगुरणारा बटवा. वन्सं उंबऱ्यावर चपला शोधत होत्या, त्या पायातच असून.

वैजयंतानं सगळं तिथंच उभ्यानं सांगितलं. जिवाणू, खोबरेल, शेवंतीच्या पाठीवर पुसलेला हात, दोन महिन्यांत झिजत झिजत संपलेला तिचा वास. वन्संनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "म्हणजे माझं नाक शाबूत आहे?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की. वन्सं, शेवंतीनं काही केलं नव्हतं. बटव्यानंही नाही. मीच तिला परकी करून ठेवली. रोज, लाडानं."

वन्सं गाठोड्यावर बसल्या. रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं.

"आणि नोकरी?"

"बाहेरच्या टेबलावर. उद्यापासून."

"वेडी का खुळी तू? सही करायची होतीस! मी केस कापून टाकते की आजच. साठीच्या बाईला गुडघ्याएवढे केस घेऊन कुठं मिरवायचंय?"

"कापा बघू," वैजयंता म्हणाली. "हात वर करून कापा."

वन्संनी उजवा हात उचलला. तो कानापाशी अडला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि आधी कोण हसलं ते पुढं कधी ठरलं नाही.

"अहो, यायचंय का बसस्थानकावर?" रिक्षावाला ओरडला.

"न्हाय रे बाबा. गाठोडं तेवढं आत आण, खांदा दुखतो माझा."

तीन आठवडे घराला लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येत होता. दार आधी बंदच होतं. उतारा शेवंतीला चोळताना ती दोघींना ओरबाडायची. तो एकमेकींना चोळताना वन्सं ओरबाडायच्या, पण तोंडानं. पहिल्या आठवड्यात काहीच बदललं नाही. वैजयंता कारखान्यात खोकी चिकटवायची आणि काचेपलीकडं, तिच्या जागेवर बसलेल्या नव्या बाईचे हात बघायची. ते हात चांगले होते. आपण उगाच घाई केली का? वन्सं उद्या पुन्हा कराडचं काढतील का? बटवा शेवंतीला कधीच जवळ घेणार नसला तर? घरी आल्यावर ती आधी दाराशी वाकून फडकं बघायची.

सतराव्या दिवशी बटव्यानं फडक्यावर पाय दिला नाही. तो थांबला. त्यानं हुंगलं. आणि गुरगुरला.

"गुरगुरला!" वैजयंता आनंदानं ओरडली. "वन्सं, गुरगुरला तो!"

"शहाणा गं माझा!" वन्सं आतून म्हणाल्या.

दार बोटभर उघडलं. मग वीतभर. फिस्कारणं झालं, एकदा पंजाही उगारला गेला, पण नखं बाहेर आली नाहीत.

बाविसाव्या दिवशी दिवेलागणीला दार सताड उघडं होतं. वैजयंतानं खोबरेल कोमट केलं. वन्सं पाटावर बसल्या. शेवंती मांडीशी आली, बटवा वन्संच्या पायाशी. दोघांत हातभर अंतर, आणि दोघांच्या पाठी ताठ. वैजयंता पेड घालत होती, पण तिचा कान त्या हातभर जागेवर होता. शेवटचा पेड आवळून झाला. तिनं उरलेला तेलाचा हात सवयीनं शेवंतीकडं नेला, आणि मध्येच थांबवला.

तिनं तो आधी बटव्यापुढं धरला.

बटव्यानं नाक फुलवलं. तिची बोटं, तळवा, मनगट, सगळं सावकाश वाचून काढलं, जसं एखादं जुनं पत्र. मग कपाळ पुढं केलं. तिनं त्यावर तेलाचा हात हलकेच पुसला, सहा वर्षांत पहिल्यांदा. तोच हात शेवंतीच्या पाठीवरून. पुन्हा बटव्याच्या कपाळावर. पुन्हा शेवंतीच्या.

शेवंतीनं शेपटी उभी केली आणि हातभर अंतरातलं अर्धं अंतर चालून गेली. बटवा उठला नाही. त्यानं नुसते डोळे मिटले.

"वैजू," वन्सं मागं न बघता म्हणाल्या, "हात दे इकडं."

तिनं दिला. वन्संनी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"कसला वास येतोय?" वैजयंतानं विचारलं.

"खोबऱ्याचा. मांजराचा. आणि घामाचा, तुझ्या." वन्संनी हात सोडला आणि वेणी पाठीवर टाकली. "आलीस म्हणायची घरी. चल, लसूण सोलायचाय."